तगरीवरची डोळेवाली

फार वर्षांपूर्वी, डोंगराखालच्या साळुंखवाडीला धड गाडीवाटही नव्हती तेव्हा, तिथं बयाक्का नावाची बाई राहायची. लोक पाटीत कांदे ठेवतात, बयाक्का अळ्या ठेवायची. आत पाला घालायची, वर फडकं बांधायची आणि कोशातून कोणता पतंग निघणार ते आधीच सांगून मोकळी व्हायची. परसातल्या झाडाझाडावरची अळी तिला भावकीसारखी पाठ होती. तिचं कधी चुकलं नाही, असं म्हणतात. चुकलं असतं तर तिनं कबूल केलं असतं का, ते विचारू नका.

"किडा बघून वरडू नये. आधी झाड इचारावं," एवढंच ती सांगायची.

त्याच आळीत गोजराबाईची सून धुरपा नांदत होती. माहेराहून येताना तिनं तगरीचं रोप आणलं होतं, ते आता दारात डेरेदार झालं होतं. एका श्रावणात धुरपाच्या तान्ह्या पोराच्या अंगभर गांधी उठल्या. पोर रडून रडून निळं पडायला लागलं. आणि नेमकी त्याच सकाळी गोजराबाईला तगरीवर बोटाएवढी हिरवी अळी दिसली. तिच्या मानेवर दोन निळे टपोरे डोळे. झालं! सुनेनं माहेराहून अवदसा आणली, असा बोभाटा झाला. तगर जाळायची, पोर ठेवून घ्यायचं आणि धुरपाला माहेरी धाडायचं ठरलं. अंगावरचं पोर आईवाचून कसं जगेल, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

कुऱ्हाड बाहेर निघाली तेव्हा बयाक्का आली. तिनं तगरीवरची अळी उचलली आणि सरळ स्वतःच्या गालावर ठेवली. बाया मागं सरल्या.

"ही गरीब हाय. डोळं नुसतं पाखरांना भ्या दावाय," ती म्हणाली. "पोराची दुपटी कुठं वाळत घालता गं?"

"त्या शेवग्याला दोरी बांधलीया, तिथं," धुरपा रडत म्हणाली.

बयाक्का शेवग्याकडे गेली. बुंध्यावर सालीच्याच रंगाचे केसाळ सुरवंट थव्यानं चिकटून बसले होते. रोज येता-जाता सगळ्यांनी बुंधा पाहिला होता, सुरवंट एकालाही दिसले नव्हते. तिनं दोरीवरचं दुपटं ओढलं आणि आपल्या हातावर खसाखसा घासलं. बघता बघता हातभर गांधी उठल्या. गालावरून अळी आपली निवांत चालली होती.

"चोर सोडून संन्याशाला फाशी देताय व्हय, गोजरे?"

मग तिनं मळलेल्या कणकेचा गोळा पोराच्या अंगावरून हलक्या हातानं फिरवला. सुरवंटाचे बारीक केस कणकेला चिकटून आले. दुपटी उकळत्या पाण्यात गेली. सांजेला पोर आईच्या कुशीत गाढ झोपलं. गोजराबाईनं कुऱ्हाड आत नेऊन ठेवली आणि सुनेच्या पुढ्यात गरम भाकरी ठेवली.

ती अळी बयाक्काच्या पाटीत वाळक्या पाल्यात कोशात गेली आणि हिरवागार पतंग होऊन निघाली. पुढे म्हातारी बयाक्का वारली, त्या तिन्हीसांजेला इतके हिरवे पतंग आले की तिच्या छपराला पालवी फुटल्यासारखं दिसलं, असं म्हणतात. धुरपाच्या पोरानं खांदा दिला. तिला उचलून नेईपर्यंत एकही पतंग उडाला नाही, असंही म्हणतात.

साळुंखवाडीत आजही बयाक्काच्या नावानं एक रीत पाळतात. घरात काही वाईट घडलं आणि कुणी नव्या सुनेकडे बोट दाखवलं, तर म्हातारी माणसं त्याला आधी तगरीपाशी नेतात. डोळेवाली अळी शोधायची, गालावर ठेवायची आणि मग सुनेला काय बोलायचं ते बोलायचं. अळी पावसाळ्यात हमखास सापडते. गाल पुढं करणारं माणूस मात्र अजून कुणाला सापडलेलं नाही.