दोन बोटांचा कातळ

वेळुसऱ्याचा घाट चढताना शेवटच्या वळणावर, रस्त्याला खेटून, एक काळा कातळ उभा आहे. लांबून बघावं तर घोड्यानं मान खाली घातल्यासारखा दिसतो. जवळून बघावं तर नुसता दगड. म्हणून वेळुसऱ्याची माणसं पाहुण्यांना तो आधी लांबूनच दाखवतात. कातळाच्या नाकाडावर एक आडवी चीर आहे. तिच्यात दोन बोटं जातात, तिसरं जात नाही. पैलवानाचीही दोनच जातात आणि बाळंतिणीचीही दोनच. हे कसं, ते विचारू नये. विचारलं की गोष्ट लांबते.

फार पूर्वी, म्हणे, वेळुसऱ्यात रायाजी नाईकाची पागा होती. पागा कसली, मूठभर घोडी आणि चिमूटभर चारा. पण खोगिरं, लगाम, घोड्यांच्या तोंडावरच्या म्होरक्या शिवायला लागायच्याच, आणि ते काम हौसा जिनगरणीकडं होतं. नवरा लवकर गेला, तशी त्याची टोचायची आरी आणि चामडं कापायची रापी तिच्या हाती आली. घोड्याच्या नाकावरून बांधायची तिची नाकपट्टी पंचक्रोशीत नावाजलेली. रुंद, आतून जुन्या लुगड्याचं अस्तर, गालाच्या हाडाखाली जरा जागा सोडून बसणारी. नाकपुड्यांजवळच्या मऊ भागावर ती पट्टी कधी उतरू द्यायची नाही. हाड संपतं तिथं श्वास सुरू होतो, असं तिचं म्हणणं. पट्टी बांधून झाली की खाली दोन बोटं घालून बघायची. सहज गेली तर घोडं खाईल, दम घेईल आणि स्वाराचं ऐकेलही. "तोंड आवळून कुणी ऐकत नसतं," ती म्हणायची, "नवरासुद्धा."

तिचा एकुलता एक लेक सुभाना पागेत स्वार होता. त्याच्या घोडीच्या कपाळावर कवडीएवढा पांढरा ठिपका, म्हणून तिचं नाव कवडी. एका पहाटे नाईकाची टोळी नदीकाठच्या करवंदीच्या जाळीत दबा धरून बसली होती. समोरून गनिमाची घोडी चालली होती. कवडीनं त्यांना पाहिलं आणि खिंकाळली. घोड्यानं घोड्याला ओळख दिली, त्यात तिच्या मते काहीच चुकलं नव्हतं. पण गनीम वळला, आणि जाळीतला एकही स्वार परत आला नाही.

कवडी आली. रिकामं खोगीर घेऊन हौसाच्या दारात उभी राहिली आणि पुन्हा खिंकाळली. हौसा लगबगीनं बाहेर आली, ती लेक आला म्हणून. तिला बघून घोडीची खिंकाळी अर्ध्यावरच थांबली.

हौसा रडली नाही. आयाबाया तिच्यासोबत रडायला म्हणून जमल्या होत्या. थोडा वेळ ताटकळल्या, मग आपापल्या चुली आठवून गेल्या. हौसानं म्हशीच्या कातड्याची एक अरुंद पट्टी कापली. अस्तर लावलं नाही. ती कवडीच्या नाकावर खाली, मऊ भागावर, आवळून बांधली. बोटं घालून बघितलं नाही. आरीचं टोक तेवढं लावून बघितलं. तेही शिरेना, तेव्हा उठली.

नाईकानं ते पाहिलं. "असंच साऱ्या पागेला कर. पुन्हा एखादं ओरडायला नको."

"बरं," हौसा म्हणाली.

लोकांनी त्या पट्टीला मुकी पट्टी असं नाव दिलं. दाण्याच्या वेळी ती जराशी सैल व्हायची, तेही हौसा समोर उभी असताना. तेवढ्या वेळात घोडी खाणार की ओरडणार? बघता बघता पागा मुकी झाली, आणि पागेबरोबर हौसाही. मिठाविना भाकरी समोर आली तर मिठाविना खायची. तवा हाताला लागला तर हात काढायला विसरायची. एकदा आरी बोटात घुसली, तर तिनं चामड्यावरचं रक्त पुसलं आणि बोट तसंच ठेवलं.

पागेत निंबाजी नावाचा म्हातारा मोतद्दार होता. घोड्यांची उस्तवार करण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. तो एकदा म्हणाला, "हौसा, घोडी खंगलीत गं. चढाला माना टाकतात."

"मुकी आहेत ना, मामा?"

"मढीही मुकीच असतात."

हौसानं मान हलवली आणि पुढचा टाका घातला.

मार्गशीर्षात गनीम थेट वेळुसऱ्यावर चालून आला. नाईकानं बायकापोरं घोड्यांवर घातली आणि घाटाची वाट धरली. धुकं असं की पुढच्या घोड्याची शेपटी मागच्याला दिसेना. या शेवटच्या वळणावर सगळे कातळाआड थांबले, कारण खालच्या वळणावर टापा वाजत होत्या. नाईकानं तलवार काढली आणि नुसत्या खुणेनं सांगितलं: जे घोडं आवाज करील, त्याची मान उतरेल.

हौसा कवडीपाशी उभी होती. घोडीच्या पाठीवर दोन लेकरं बांधलेली. तिच्या कुशी भात्यासारख्या हालत होत्या, नाकपुड्या पट्टीखाली चेपल्या होत्या, पुढचे पाय लटपटत होते. पडली असती तर लेकरांसकट दरीत गेली असती.

"पट्टी सोड," निंबाजी कुजबुजला.

"ओरडेल, मामा."

"ओरडेल नाहीतर मरेल. सुभानाची घोडी आहे. तूच बघ."

हौसानं मनात भीती शोधली. सापडली नाही. भ्यायलाही माणसात काहीतरी उरलेलं लागतं. मग जुन्या सवयीनं तिचा हात पुढं गेला आणि तिनं पट्टीखाली दोन बोटं घालायला घेतली. जाईनात. तिनं जोर लावला. नखं सोलली, तरी लावला, आणि बोटं आत गेली.

आत ओलसर, उबदार केस होते. त्या दोन बोटांमधून घोडीचा श्वास बाहेर आला. लहानपणी सुभाना कुशीत झोपला की मानेपाशी लागायचा, तसा. हौसाला तो लागला. कित्येक दिवसांनी काहीतरी लागलं. तिनं दुसऱ्या हातानं कमरेची रापी काढली आणि पट्टी कापली. नाईकाची तलवार वर गेली, ती तशीच राहिली.

कवडीनं आधी नुसता श्वास घेतला. मग ती खिंकाळली. एकदा नव्हे. पट्टीखाली अडकलेली प्रत्येक खिंकाळी बाहेर आली: चाऱ्यासाठीची, पाण्यासाठीची, वळवाच्या पावसासाठीची, आणि हौसाच्या दारात अर्धी राहिलेली तीसुद्धा. ते ऐकून साऱ्या पागेच्या पट्ट्या तटातट तुटल्या, असं सांगतात. निंबाजीच्या हातातही रापी होती, असंही काहीजण सांगतात. पण त्यांना गोष्ट सांगता येत नाही.

धुक्यात एका घोड्याची हजार झाली. गनिमाला वाटलं, डोंगरावर फौज उतरली. तो असा पळाला की त्याचे वाटेत सुटलेले जोडे खालच्या वाडीनं पुढं कित्येक पावसाळे वापरले, म्हणे. आणि खिंकाळी ज्या कातळावर आदळली, त्याला चीर गेली. हौसानं वाट दिली होती तेवढीच, दोन बोटांची.

नाईकानं तलवार म्यान केली. "हौसा, काय देऊ?"

"काही नको. पण ह्या गावात कुणाचं नाक-तोंड असं आवळायचं नाही. दोन बोटं जातील एवढं सैल ठेवायचं."

ती मग तरी रडली का? नाही, असंच सांगतात. बाकीचं अंग बधिरच राहिलं, ते मरेपर्यंत. फक्त ती दोन बोटं तेवढी जागी झाली. भाकरी गरम आहे की गार, पोराला ताप आहे की नाही, घोडं दमलंय की बरं आहे, सगळं ती त्या दोन बोटांनी बघायची.

आजही वेळुसऱ्यात नवरदेवाची घोडी दारात आली की नवरीची आई आधी तिच्या नाकपट्टीखाली दोन बोटं घालते, नवऱ्या मुलाला मग ओवाळते. गावचा शिंपी शाळेच्या गणवेशाची कॉलर तसंच बघून शिवतो. मोटारसायकलवाले कातळापाशी थांबून हेल्मेटचा पट्टा तपासतात.

चिरेतून ऊब लागते, असं म्हणतात. उन्हानं दगड तापतो, असं शाळेतले गुरुजी सांगतात. मार्गशीर्षातल्या धुक्याचं मात्र ते काही सांगत नाहीत. घरातलं कुणी गेल्यावर ज्याला रडू येत नाही, जेवणाची चव कळत नाही, अशा माणसाला आजही घरचे इथं घेऊन येतात. तो चिरेत बोटं घालतो, थोडा वेळ तसाच उभा राहतो, बोटं काढून धोतराला नाहीतर पँटीला पुसतो. काही लागलं का, हे त्याला कुणी विचारत नाही. परतीच्या वाटेवर घरचे त्याच्या पुढं चालतात, म्हणजे त्याला तोंड लपवावं लागत नाही.