डाव्या हाताचं मांजर

एकदा एक शिष्य तोंड पाडून आपल्या गुरूंकडे आला. हातात ना फूल, ना फळ. होता तो कागदांचा जाडजूड गठ्ठा, आणि फोनमध्ये चार ओळींचा एक मजकूर. तो मजकूर संध्याकाळी प्रसिद्ध झाला, की त्याचं अकरा वर्षांचं काम संपणार होतं.

हा शिष्य 'ओसरी' नावाचं एक संकेतस्थळ चालवत असे. हौशी माणसांनी आपण काढलेले फोटो तिथं लावावेत, एकमेकांचे बघावेत, दोन शब्द बोलावेत, एवढाच व्यवहार. ज्या क्रमानं माणूस आला, त्या क्रमानं त्याला तिथं एक चौकट मिळे. आतला फोटो रोज बदला, पण चौकट जागची हलत नसे. दिसायला ओसरी, खरं सांगायचं तर, अगदीच बेतास बात होती. फोटो टिकलीएवढे, अक्षरं मुंग्यांएवढी.

शिष्याला त्याची लाज वाटू लागली. सहा महिने खपून त्यानं ओसरीचं रूप पालटलं. फोटो पानभर मोठे केले, जुन्या चौकटी मोडल्या, आणि ज्या फोटोला पसंती जास्त तो सर्वांत वर, अशी सुबक रचना केली. त्याला वाटलं, लोक आता डोक्यावर घेतील. लोकांनी घेतलं खरं, पण फैलावर! आठवडाभरात अकराशे पत्रं आली, तोच हा गठ्ठा. 'कुणी सांगितला होता हा उद्योग?' 'आमची ओसरी परत द्या.' एका गृहस्थांनी तर 'आधी होतं तेच बरं होतं' हे एकच वाक्य चाळीस वेळा लिहून पाठवलं होतं, शाळेत शिक्षा झाल्यासारखं.

"गुरुजी, करायला गेलो गणपती आणि झालं माकड," शिष्य म्हणाला. "यांच्यासाठी रक्त आटवलं. एकानं म्हणून चांगलं म्हटलं नाही. आज संध्याकाळी ओसरी बंद करतोय. हा बघा मजकूर."

गुरुजी म्हणजे कुणी मठाधिपती नव्हेत हं. नदीकाठच्या या बाजाराच्या गावी त्यांनी बत्तीस वर्षं चित्रकला शिकवली होती, आणि या शिष्याच्या हातात पहिला कॅमेरा त्यांनीच दिला होता. त्यांनी मजकूर वाचला, गठ्ठ्याकडे एकवार पाहिलं आणि परसात गेले. परतले ते लिंबांनी भरलेली पाटी घेऊन.

"आज मंगळवार, बाजाराचा दिवस. एवढी विकून ये."

"लिंबं? गुरुजी, मी सांगतोय काय आणि तुम्ही..."

"जागा तुझ्या मनाला येईल ती घे. चांगली उत्तम बघून घे. ओसरी काय, संध्याकाळी बंद करायचीच आहे."

गुरूंचा शब्द मोडवेना. शिष्य पाटी घेऊन निघाला; म्हातारपणी माणसाचं असंच होतं, असं मनाशी म्हणत.

बाजार नुकता भरू लागला होता. कडुनिंबाखाली छान सावलीची एक जागा रिकामी होती. शिष्य तिथं बसला. हात शेवटी कलावंताचा. त्यानं लिंबांची अशी देखणी रास रचली की बघत राहावं. शेवटचं लिंबू ठेवतोय, तोच पलीकडची लसूणवाली कडाडली.

"ओ दादा! उठा तितनं! ती जागा हौसाबाईची हाय."

शिष्यानं इकडंतिकडं पाहिलं. "कोण हौसाबाई? इथं कुणीच नाही. आणि नावही कुठं लिहिलेलं नाही."

"नाव कशाला लिवाय पायजे? आमाला ठावं हाय की!"

"यष्टीनं येती ती, वांगी घिऊन," मडकीवाला म्हणाला. "आली म्हंजी तिनं बसायचं कुटं?"

शिष्य विहिरीच्या कट्ट्याशी गेला. तिथून सुपं विकणाऱ्या म्हाताऱ्यानं काठी आपटून उठवलं, कारण ती जागा सुकटवाल्या इब्राहिमची. तिसऱ्या ठिकाणी तर पाटी खाली टेकायच्या आतच एक बाई ओरडली. आता मात्र शिष्याचं डोकं फिरलं. पुन्हा कडुनिंबापाशी येऊन तो जवळजवळ किंचाळलाच, "नुसते ओरडताय सगळे! मी लिंबं कशी रचली होती, ते तरी कुणी बघितलं का?"

लसूणवालीनं कपाळाला हात लावला. "बगितली की! झ्याक रचली हुतीस. लिंबाला कोन काय म्हनतंय, बाबा? आमी जागंचं बोलतोय!"

आसपासचे सगळे खो खो हसले. इच्छा नसताना शिष्यालाही हसू फुटलं.

इतक्यात हौसाबाई आली. तिला पाटी उतरवायची उसंत न देता दोघातिघांनी सगळी हकिकत सांगितली. तिनं शिष्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"कुनाचा रं तू?"

"चित्रकलेच्या गुरुजींचा."

"मग असा उनात हुबा का? बस की हितं कडंला. माजी वांगी, तुजी लिंबं."

आणि काय सांगावं! जी लसूणवाली मघाशी अंगावर आली होती, तीच आता प्रत्येक गिऱ्हाइकाला "लिंबू तितनं घ्या" म्हणू लागली. दुपारी कुणीतरी शिष्याच्या हातावर भाकरी आणि ठेचा ठेवला. तीनच्या सुमाराला पाटी रिकामी झाली. उठताना हौसाबाई म्हणाली, "फुडल्या मंगळवारी आलास, तर ही कड तुजी बरं का."

शिष्य परतला तो जवळजवळ उड्या मारतच. गुरुजी पडवीत बसले होते.

"किती जण ओरडले?"

"चौघं, गुरुजी."

"सावली बघून कडुनिंबाखालीच बसला असशील. ओरडणाऱ्यांत हौसाबाई होती?"

हौसाबाई एका शब्दानंही रागावली नव्हती, हे शिष्याच्या आता ध्यानात आलं.

"ज्यांची स्वतःची जागा शाबूत होती, तीच माणसं ओरडली," गुरुजी म्हणाले. "तो राग लिंबांवरचा नव्हता रे. रिकाम्या जागेतही त्यांना आपली शेजारीण दिसत होती, तुला दिसली नाही. तू रास सुंदर रचतोस, हे कुणी नाकारलेलं नाही. पण ही अकराशे पत्रं तू मोजलीस. वाचलीस का?"

शिष्यानं मान खाली घातली. पहिल्या दोन ओळींतला राग पाहूनच तो प्रत्येक पत्र मिटत आला होता. आता त्यानं गठ्ठा सोडला आणि एक पत्र शेवटपर्यंत वाचलं. ते चाळीस वेळा एकच वाक्य लिहिणाऱ्या गृहस्थांचं होतं, दगडू वाघचौरे नावाच्या निवृत्त कंडक्टरचं. तळाशी त्यांनी लिहिलं होतं: 'माझा फोटो कुठंही टाका, अगदी तळाला टाका. पण माझ्या डाव्या हाताला प्रभुणे काकूंचं मांजर असायचं. सात वर्षं सकाळच्या चहाबरोबर बघतोय. आठ दिवस दिसत नाही. आजारी तर नाही ना?'

दुसरं पत्र वाचलं, तिसरं वाचलं. कुणी शेजारच्या काकांची सायकल शोधत होतं, कुणी मुजावर बाईंची गच्ची. शिष्य हसत होता आणि डोळे पुसत होता. ओसरी बंद करण्याचा मजकूर त्यानं तिथल्या तिथं पुसून टाकला.

सहा दिवस बसून त्यानं चौकटी परत आणल्या, ज्याची त्याच्या जागी, ज्याचा शेजार त्याला. फोटो मात्र मोठेच ठेवले. मंगळवारी सकाळी पहिलं पत्र आलं: 'मांजर सापडलं. चार पिलं झाली आहेत. फोटो मोठा केलात ते फार बरं केलंत, पिलांच्या मिशासुद्धा दिसतात. दगडू वाघचौरे.'

ते पत्र दाखवायला तो धावतच गुरुजींकडे गेला. गुरुजींनी ते दोनदा वाचलं, मनमुराद हसले आणि परसाकडे बोट दाखवलं. लिंबांची पाटी भरून तयार होती.

बाजारात पोचायला त्याला अंमळ उशीरच झाला. कडुनिंबाखाली, हौसाबाईच्या कडेला, कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन कुणी एक नवखा माणूस बसू पाहत होता. आणि लसूणवाली हात नाचवत त्याला ओरडत होती, "ओ पाव्हनं! उठा तितनं! ती जागा लिंबवाल्याची हाय!"

शिष्य पाटी डोक्यावर घेऊन तसाच उभा राहिला. मग पुढं होऊन त्या नवख्याला म्हणाला, "बसा की. आपण दोघं मावू."