कोपरा नसलेलं घर

माळावर माणसं नुकतीच राहायला आली होती, तेव्हाची गोष्ट. तुळसा गवंडीण मधोमध खुंटी ठोकून, तिला बांधलेली दोरी फिरवत मातीचं घुमटाचं घर रचत होती. काटकोन मापायच्या तिच्या लाकडी गुण्याला कामच उरलं नाही. तो भडकला.

“अगं दोरी, कोपऱ्याशिवाय घर असतं का? देव कुठे मांडणार?”

“खुंटी काढली की तिच्या जागी,” दोरी म्हणाली.

गुण्या रुसून शेजारच्या चौकोनी झोपडीत जाऊन बसला.

वैशाखात वावटळ आली. तिने झोपडीचं छप्पर कोपऱ्याला धरून भिरकावलं. घुमटाला मात्र धरायला कोपराच सापडेना, तेव्हा चार गिरक्या घेऊन निघून गेली.

धुळीने माखलेला गुण्या घुमटाच्या दारात आला.

“ये बाबा. पण इथे कोपरा नाही, बसशील कुठे?” दोरीने विचारलं.

गुण्या म्हणाला, “देवांना जरा सरकायला सांग.”