मुंगीच्या दारावर चाक

गॅरेजच्या अंगणात होतं एक बारीक भोक. भोकात मुंगीचं घर. घरात मुंगीची पिल्लं.

मुंगी गेली साखर आणायला. तुरुतुरु गेली, तुरुतुरु आली. बघते तर काय, दारावर गाडीचं चाक. पिल्लं आत, आई बाहेर. मुंगीला आला असा राग, असा राग!

“गाडीताई, गाडीताई, सरक. पिल्लं आत, आई बाहेर.”

“माझा ब्रेक लागत नाही. तो लागल्याशिवाय मी नाही सरकणार.”

“वा गं वा,” मुंगी म्हणाली. तुरुतुरु गेली ब्रेककडे.

“ब्रेकदादा, ब्रेकदादा, लाग. गाडी सरकेना. पिल्लं आत, आई बाहेर.”

“मला नवी नळी घातलीय. नळीत हवा अडकलीय. हवा गेल्याशिवाय मी नाही लागणार.”

तुरुतुरु गेली हवेकडे. हवा नळीत बसलेली. बुडबुड, बुडबुड.

“हवाबाई, हवाबाई, जा. ब्रेक लागेना, गाडी सरकेना. पिल्लं आत, आई बाहेर.”

“जाऊ कुठून? नट उघडल्याशिवाय मी नाही जाणार.”

तुरुतुरु गेली नटाकडे.

“नटदादा, नटदादा, उघड. हवा जाईना, ब्रेक लागेना, गाडी सरकेना. पिल्लं आत, आई बाहेर.”

“पाना फिरल्याशिवाय मी नाही उघडणार.”

पाना होता हुसेन मिस्त्रींच्या हातात. मिस्त्री गाडीखाली उताणे.

“मिस्त्रीकाका, मिस्त्रीकाका, पाना फिरवा. नट उघडेना, हवा जाईना, ब्रेक लागेना, गाडी सरकेना. पिल्लं आत, आई बाहेर.”

“अण्णांनी वरून ब्रेक दाबल्याशिवाय मी नाही फिरवणार. हे काम दोघांचं आहे, बाई.” आणि मिस्त्रींनी हाक मारली, “अण्णा, दाबा.”

“दाबतोय, दाबतोय,” वरून आवाज आला.

कसलं दाबतोय? गाडीचे मालक अण्णा सीटवर झोपलेले. घुर्र, घुर्र.

“अण्णा, अण्णा, ब्रेक दाबा. पाना फिरेना, नट उघडेना, हवा जाईना, ब्रेक लागेना, गाडी सरकेना. पिल्लं आत, आई बाहेर.”

“दाबतोय, दाबतोय. घुर्र.”

“झोपता आणि वर खोटं बोलता?” मुंगी चिडली. अण्णांच्या पायाच्या अंगठ्याला चावली. कट्ट!

अण्णांनी ब्रेक दाबला, खस्स. पाना फिरला, करकर. नट उघडला. हवा निघाली, बुडबुड फुस्स. पण थोडी राहिली.

“अजून एकदा,” मिस्त्री म्हणाले.

मुंगी अजून एकदा चावली. कट्ट! खस्स. करकर. बुडबुड फुस्स. सगळी हवा गेली. नट बंद झाला. मिस्त्री गाडीखालून बाहेर आले. ब्रेक लागला, गच्च. गाडी सरकली, भुर्र. दार मोकळं झालं. पिल्लं बाहेर आली, आईला बिलगली.

अण्णा अंगठा चोळत म्हणाले, “एवढीशी मुंगी, आणि चावते केवढं.”

मुंगी म्हणाली, “एवढंसं माझं दार, आणि त्यावर गाडी केवढी.”

गाडी गेली गावाला, मुंगी गेली घराला.