मध्यान्हीचे मौन

पूर्वी त्रेतायुगाच्या आरंभी, विंध्याद्रीच्या दक्षिण उतारावर, पयोष्णीच्या तीरी ऋतंभर नामक उग्र तपस्वी राहत असे. वाग्देवीच्या प्रसादासाठी त्याने बारा वर्षांचे तप आरंभिले आणि आश्रमाचा सारा भार त्याची भार्या अरणी हिच्यावर आला. तिने एकटीने समिधा वाहिल्या, गाई राखल्या, अग्निहोत्र विझू दिले नाही. केस पिकले, गुडघे धरले. येणारे अतिथी मुनीची थोरवी गात, जेवत आणि निघून जात.

सकाळची कामे उरकली की अरणी अंगणात कुडाला पाठ टेकून बसे आणि रानपाखरे पाही. औदुंबरावर हळद्या शीळ घाली. सातभाई पाचोळा उलथीत आपसात भांडत. कुंपणाच्या करवंदीत बुलबुलांनी घरटे बांधले होते. ती त्यांना धरीत नसे, पाळीत नसे, नुसती पाही. तेवढाच तिचा विसावा.

तपःसमाप्तीला दोन दिवस उरले असता सातभाईंनी एकाएकी आकांत मांडला. सारी पाखरे ध्यानस्थ मुनीभोवती घिरट्या घालीत किंचाळू लागली. मुनीची समाधी भंगली. कमंडलूतील जल हाती घेऊन तो गर्जला, "अधमांनो, ज्या कंठांनी माझ्या तपात विघ्न आणले, ते कंठ याच क्षणी मूक होवोत!"

अरण्य निःशब्द झाले.

अरणी अडखळत धावत आली. मुनीच्या आसनामागून एक कृष्णसर्प वारुळाकडे परतत होता.

"नाथ, तो आपल्या पाठीशी वीतभर अंतरावर फणा काढून उभा होता. मी अंगणातून पाहिले, पण भयाने माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. ती पाखरे ओरडली म्हणून आपण वाचलात."

मुनीचा चेहरा उतरला. "देवी, उच्चारलेला शाप मला परत घेता येत नाही."

अरणी अंगणात परतली. बुलबुलाची मादी चारा घेऊन आली. पण तिची साद नाही म्हणून पिलांनी चोची उघडल्या नाहीत. दोन दिवस अरणी ते पाहत राहिली.

तिसऱ्या दिवशी वाग्देवी प्रकटली. लज्जित मुनीने मान वर केली नाही. देवी म्हणाली, "अरणी, या तपाचे अर्धे पुण्य तुझे. हे विमान तुझ्यासाठी आहे. ब्रह्मलोकी चिरविश्रांती घे."

अरणीने विमानातल्या मऊ आसनाकडे बराच वेळ पाहिले.

"माते, खोटे कशाला बोलू? मी फार थकले आहे. पण ती पिले दोन दिवसांची उपाशी आहेत. माझे पुण्य त्यांच्या कंठांना दे."

"ते शापाला पुरे पडणार नाही, साध्वी. प्रातःकाळ आणि सायंकाळ त्यांची होईल. मध्यान्ह शापाचीच राहील."

"तेवढे पुरे."

विमान रिकामे गेले. करवंदीत मादीने साद घातली आणि तीन चोची उघडल्या. ऋतंभर उठला, घडा उचलून नदीकडे चालू लागला. अरणी कुडाला टेकून बसली.

तेव्हापासून पहाटे झाडे पाखरांच्या कलरवाने भरून जातात. आणि सूर्य माथ्यावर आला की तीच पाखरे पानाआड मुकी बसून राहतात, दिवस कलेपर्यंत.