हैबती नाईकांचा मंत्र

गड जिंकून आठवडा झाला तरी दरबारात एकच पोवाडा चालू होता. हेरांचे प्रमुख हैबती नाईक मंत्र म्हणून अदृश्य झाले आणि एकटेच शत्रूच्या गोटातून सारी खबर घेऊन आले!

नाईक मान खाली घालून ऐकत होते. ती खबर आणताना मेलेल्या आपल्या माणसांसाठी वेशीवर वीरगळ उभारावी, एवढंच मागायला ते आले होते.

दिवाण त्र्यंबकपंत हसले. "वीरगळ रणात पडलेल्या वीराची असते, नाईक. आणि तुम्ही तर एकटेच गेला होतात! सारा मुलूख तेच गातोय."

"पंत, तुमचा त्या मंत्रावर विश्वास आहे?"

"तिळमात्र शंका नाही."

नाईक राजांकडे वळले. "मग सरकार, पुढच्या गडाची खबर पंतांनीच आणावी. ज्याला शंका नाही, त्यालाच मंत्र फळतो. आत्ताच त्यांच्या कानात सांगतो."

पंतांनी उपरण्यानं कपाळ टिपलं. "आणि नाही फळला तर? गनीम जागच्या जागी मुंडकं उडवेल माझं!"

"उडवतो, पंत," नाईक हळूच म्हणाले. "गोंधळी होऊन गेलेल्या सटवोजीचं उडवलं. जोगतीण होऊन गेलेल्या येसूचं उडवलं. त्यांच्यासाठीच दगड मागतोय."

राजांनी हात वर करून शाहिराचा डफ थांबवला.

पुढे वेशीवर जी वीरगळ उभी राहिली, तिच्यावर तलवार नव्हती. गोंधळ्याचं संबळ होतं आणि जोगतिणीची परडी.