हे काय, इथंच

बोरतळे गावाच्या तळ्यात एक कासवीण आपल्या लेकीसह राहत असे. तळे कसले, वैशाख लागला की डबकेच ते. त्या वर्षी तर डबकेही आटले आणि गावकरी तळचा गाळ उपसून बैलगाड्यांनी शेतात नेऊ लागले. आता येथे राहण्यात अर्थ नाही, हे कासविणीला कळून चुकले. पलीकडच्या कवठसर गावचा तलाव बारमाही होता आणि तेथे तिची सख्खी बहीण नांदत होती. लेक अजून लहान, वाट अनोळखी. म्हणून तिने लेकीला काठच्या मोठ्या दगडाखाली, ओलाव्यात, नीट दडवून ठेवले. मी पुढे जाऊन जागा पाहते आणि तुला निरोप धाडते, असे सांगून ती पहाटेच एकटी निघाली.

मुलांनो, बोरतळ्याहून कवठसरला जाणारी वाट दीड कोसाची आहे. मोठी निवांत वाट. दोन्ही बाजूंना घायपाताची कुंपणे, मध्ये धुळीत उमटलेल्या गाडीच्या दोन चाकोऱ्या. सकाळी एखादा दूधवाला सायकलवरून गेला, की पुढे कितीतरी वेळ चिटपाखरू दिसत नाही. माणूस गप्पा मारत तास-दीड तासात पोहोचतो. कासवाला अख्खा दिवस पुरत नाही, आणि वैशाखातल्या उन्हात कासव इतका वेळ उघड्यावर जगत नाही. तेव्हा मध्येच कुठेतरी ओलाव्याला थांबणे भागच होते. कुठे थांबायचे, हे कासविणीला ठाऊक नव्हते. वाटेवर राहणाऱ्यांना ते ठाऊक होते. विचारले की सांगतील, असे तिला वाटले. भाबडी होती बिचारी.

थोडे चालल्यावर आमराई लागली. तिथल्या विहिरीशेजारी जनावरांसाठी दगडी डोण होती. ती पाझरायची, त्यामुळे खाली गार चिखल झाला होता. आमराईत एक खार राहत असे. कासविणीने तिला विचारले, की कवठसर अजून किती लांब आहे?

"हे काय मावशी, इथंच," खार म्हणाली. "ते वळण गेलं की आलंच."

आता हे 'इथंच' काय असते, ते तुम्हाला सांगायला हवे. आमच्याकडे कुठल्याही वाटेवर कोणालाही विचारा, गाव नेहमी इथंच असते. खारीला खरे अंतर चांगले ठाऊक होते. पण 'अजून सव्वा कोस आहे' असे म्हटले, की पुढचे वाक्यही बोलावेच लागते, 'मग बसा घटकाभर, ऊन उतरल्यावर जा.' पाहुणी बसली की दिवसभर डोणीखालचा चिखल अडवणार. 'इथंच' म्हटले की ती आपली आपण उठते, आणि जाताना आशीर्वादही देते. बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी. कासविणीने खरोखरच आशीर्वाद दिला आणि ती पुढे निघाली.

ते वळण गेले, आणखी दोन गेली. गाव काही आले नाही. उन्हाचा चटका बसू लागला तेव्हा वाट एका ओढ्यात उतरली. ओढा कोरडा ठणठणीत, पण जांभळीच्या मुळाशी हातभर चिखल अजून ओला होता. वरच्या दरडीत एका साळिंदराचे बीळ होते. साळिंदर अंगाने काटेरी, आणि बोलणेही त्याला शोभेल असेच. कासविणीने हसून विचारले, की भाऊ, कवठसर आलेच ना आता?

"कुठलं आलंय? पाऊण कोस आहे अजून," साळिंदर म्हणाले. "पुढं सगळा उघडा माळ. सावली म्हणशील तर एकच बोराटी, तीही सशानं धरलेली. आत्ता गेलीस तर मरशील. या चिखलात पडून राहा, दिवस कलला की नीघ."

कासविणीला ते फार लागले. चांगल्या कामाला निघालेल्या बाईला कोणी 'मरशील' म्हणते का? 'शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली,' अशी म्हण आहे. मांडव खरोखरच पेटला असेल तर नाऱ्याने काय बोलावे, ते मात्र कोणी सांगत नाही. कासविणीने चिखलाकडे एकदा पाहिले. चिखल गार होता आणि तिला थांबावेसे वाटतही होते. पण थांबले, तर या तोंडाळाचे खरे मानल्यासारखे झाले असते. ती खारीचे गोड बोल आठवत माळाचा चढ चढू लागली.

माळावर पायाखालची धूळ पोळत होती. पाठीची ढाल तव्यासारखी तापली. बऱ्याच वेळाने ती बोराटीपाशी पोहोचली. मागे वळून पाहिले तर ओढ्यातली जांभळी अजून दिसत होती. परत फिरले तर तिथवर जाण्याइतके बळ पायांत होते. पुढचे तिला ठाऊक नव्हते. बोराटीच्या सावलीत ससा पाय पसरून पडला होता. तिने त्याला विनवून विचारले, की बाबा रे, खरे सांग, पुढे जाऊ की मागे फिरू?

सशाने तिच्याकडे पाहिले. ही पोहोचणार नाही, हे त्याला दिसत होते. तो थोडा सरकला असता तर सावलीत दोघे मावले असते. पण सरकायचे म्हणजे शेपटीवर ऊन येणार.

"आता मागं कशाला फिरता आत्याबाई? एवढं चाललात की," ससा म्हणाला. "हे काय, इथंच."

सशाच्या पायांनी ते खोटेही नव्हते. तो मनात आले की उड्या मारत तलावावर जाई आणि पाणी पिऊन येई. आपल्या पायांनी दुसऱ्याची वाट मोजायला काय लागते?

कासवीण पुढे गेली, आणि तलाव दिसण्याच्या आत भर दुपारी माळावर मेली. लहान मुलांना अशा गोष्टी सांगू नयेत म्हणतात. पण ती सुखरूप पोहोचली, असे मी तुम्हाला सांगणार नाही. तसे सांगणारे पुष्कळ आहेत.

ऊन उतरल्यावर सगळे जमले. रडणे रीतसर झाले. खारीने सांगितले, की बाई जाताना मला आशीर्वाद देऊन गेली. सशाने सांगितले, की शेवटचा धीर मीच दिला. मग अशी धडधाकट बाई मेली कशी, याचा विचार सुरू झाला. साळिंदर तिला 'मरशील' म्हणाले होते, हे तिनेच बोराटीपाशी सशाच्या कानावर घातले होते. सशाने ते सर्वांना सांगितले. झाले. तोंडातून निघाले तसेच घडले, काळ्या जिभेचे आहे मेले, असे ठरले. खारीला ते लगेच पटले आणि सशाला तर त्याच्याही आधी पटले होते. त्या दिवसापासून साळिंदराशी कोणी बोलेना. पिले त्याच्या दरडीवरून जाताना कान झाकून घेत. विहिरीच्या डोणीवरून त्याला हाकलून देत. ओढा आटला की चिखल खरवडून मिळेल तेवढ्या पाण्यावर ते दिवस काढी.

इकडे बोरतळ्यात पाऊसपाणी झाले आणि लेक जगली. आईचा निरोप आला नाही, म्हणून तिने येत्याजात्या बगळ्याला विचारले. बगळ्याने माळावरची रिकामी ढाल आपल्या डोळ्यांनी पाहिली होती. पण वाईट बातमी आपण कशाला सांगा? पोहोचली असेल, रमली असेल बहिणीकडे, असे सांगून तो उडून गेला. पुढच्या वैशाखात तळे पुन्हा आटले, आणि लेक आईकडे निघाली.

आमराईत खार भेटली. कवठसर इथंच होते. ऊन चढता चढता लेक ओढ्यात उतरली. जांभळीच्या मुळाशी या वर्षीही चिखल ओला होता. साळिंदर बिळाच्या तोंडाशी बसले होते. त्याने तिला चालीवरून ओळखले.

"काका, कवठसर किती लांब आहे हो अजून?" लेकीने विचारले. "माझी आई असते तिथं."

वर्षभरात त्याला कोणी काका म्हटले नव्हते. कोणी काही विचारलेही नव्हते. पाऊण कोस, हे शब्द त्याच्या तोंडात आले होते. ते त्याने गिळले.

"हे काय बाळ," साळिंदर म्हणाले, "इथंच."

लेकीला फार बरे वाटले. या वाटेवरचे सगळेच किती मायाळू आहेत, असे ती म्हणाली. चिखलाकडे तिने ढुंकूनही पाहिले नाही आणि ती माळाचा चढ चढू लागली. बोराटीपाशी तिने सशालाही सांगितले, की ओढ्यातले काका फार गोड बोलतात.

सशाने ही नवलाची बातमी आमराईपर्यंत पोहोचवली. चार दिवसांनी खार स्वतः ओढ्यावर गेली आणि साळिंदराला डोणीवर पाणी प्यायला बोलावून आली. स्वभाव सुधारला म्हणतात त्याचा.

तात्पर्य : खरे सांगणाऱ्याला काळ्या जिभेचा ठरवले, की एक दिवस तोही गोड बोलायला शिकतो; मग उन्हात निघालेल्याला थांब म्हणणारा वाटेवर कोणीच उरत नाही.